मॉरिशसमधलं स्वस्त आणि मस्त

"मॉरिशसला राहता? मज्जा आहे बुवा!"

हे वाक्य आतापर्यंत किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. बहुतेकांना हा देश हनिमूनच्या पॅकेजमधून माहीत असतो. निळंशार पाणी, पांढरी वाळू, हॉटेलातली आरामखुर्ची आणि हातात शहाळं. मावशीनं तर फोनवर विचारलं होतं, "रोज समुद्रावर जाता का गं?"

तर मंडळी, आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. समोरच्या घराची गच्ची दिसते, त्यावरची पाण्याची टाकी दिसते आणि आकाश स्वच्छ असेल तर मागचा डोंगर दिसतो. आम्ही राहतो कात्र बोर्नला, बेटाच्या मधल्या पठारावर. किनाऱ्यापेक्षा इथे भाडं कमी आणि पाऊस जास्त. नवऱ्याचं ऑफिस जवळच एबेनच्या सायबरसिटीत आहे. काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं, दुपारच्या सुट्टीत डबे.. थोडक्यात हिंजवडीच, फक्त ट्रॅफिक जरा कमी.

नवऱ्याची नोकरी कराराची आहे. पगार हातात येतो आणि त्याला लगेच वाटा फुटतात. एक वाटा पुण्याच्या फ्लॅटच्या हप्त्याला, एक सासूबाईंच्या औषधांना आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्या बाईंना, आणि उरेल त्यात इथलं चौघांचं घर. मी पुण्यात बारा वर्षं नोकरी केली. इथे माझ्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे घरखर्चातून जे वाचतं तोच सध्या माझा पगार, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. वहीत लिहिते, महिनाअखेरीला बेरीज करते, आणि आकडा चांगला आला की पगारवाढ झाल्यासारखं वाटतं :)

इथलं चलनही रुपयाच आहे बरं का. पण हा रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात जातो. नवीन माणूस प्रत्येक किमतीचा मनातल्या मनात दुणे करतो आणि सुपरमार्केटमध्ये चक्कर यायची वेळ येते. सफरचंद, चीज, बदाम, आपल्याकडची पोह्यांची पिशवी, तयार लोणची.. सगळं जहाजातून येतं. साधं गणित आहे. जेमतेम साडेबारा लाख वस्तीचं बेट, शेतजमिनीतला मोठा भाग उसाखाली, तांदूळ जवळजवळ पिकतच नाही. जे समुद्र ओलांडून येतं त्याचं भाडं आपण भरतो. जे कुणाच्या तरी परसात उगवतं ते स्वस्त. हे गणित कळलं की इथे संसार जमतो. मग प्रश्न उरतो तो एकच: परसात उगवतं ते ओळखायचं कसं?

कारण नावं सगळी परकी.

बुधवारी आणि शनिवारी आमच्या गावात भाजीचा बाजार भरतो. भाव क्रिओलमध्ये सांगतात, आणि तेही 'लीव'चा. लीव म्हणजे अर्धा किलो. पाटीवर साठ लिहिलेलं असेल तर ते अर्ध्या किलोचे साठ, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते. "कोम्ये एन लीव?", म्हणजे लीव केवढ्याला, हे मी शिकलेलं पहिलं क्रिओल वाक्य. "नमस्कार" आणि "आभारी आहे" नंतर शिकले. गरजवंताला व्याकरण नसतं.

आता नावं बघा. लालो म्हणजे भेंडी. पिपेंगाय म्हणजे दोडका. मार्गोझ म्हणजे कारलं. पातोल म्हणजे पडवळ (हे ऐकून जरा हुश्श झालं). कालबास म्हणजे दुधी. टोमॅटोला म्हणतात पोमदामूर, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो प्रेमाचं सफरचंद! पण तो चिरायचा कांद्याबरोबरच. कोतोमिली म्हणजे कोथिंबीर आणि कारिपुले म्हणजे कढीपत्ता, ही दोन्ही तमिळ माणसांबरोबर आलेली नावं. पालेभाजी म्हणजे ब्रेद. त्यात ब्रेद सोंझ म्हणजे अळूची पानं, आणि ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला. रस्त्यावर टाकायचा मुरूम नव्हे, हे घरी दोनदा सांगावं लागलं.

माझं माहेर चिपळूणचं. त्यामुळे पहिल्या काही शनिवारी मला बाजारात जो आनंद झाला तो पुण्याच्या मंडईतही झाला नव्हता. झाक म्हणजे फणस. कोवळा फणस साफ करून, चिरून ठेवलेला मिळतो. फ्रिआपँ म्हणजे नीरफणस, ज्याच्या कापा करण्यासाठी आम्ही लहानपणी आजोळी भांडायचो. बिलिंबी म्हणजे गोव्याकडची बिंबली. झांब्लों म्हणजे जांभूळ. आणि कारांबोल! पाच धारांचं ते आंबट फळ. आपण करंबळ म्हणतो, करमळही म्हणतो. हे नाव आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी उचललं आणि जगभर फिरवलं असं मानतात. म्हणजे बघा, मराठी शब्द पोर्तुगीज जहाजात बसला, फ्रेंचांच्या तोंडी गेला, आणि कात्र बोर्नच्या बाजारात मला भेटायला येऊन थांबला. मी चार कारांबोल घेतले. भाव विचारायचाही विसरले, जे माझ्या बाबतीत फारच झालं.

खाण्याच्या आघाडीवर सगळ्यात स्वस्त काय, तर पाव आणि गातो पिमां. गातो म्हणजे केक आणि पिमां म्हणजे मिरची. नाव ऐकून काहीतरी भयंकर वाटेल. प्रत्यक्षात तो आपला डाळवडा आहे. भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, त्यात मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर घालायची आणि बोराएवढे गोळे तळायचे. इथला साधा पाव सरकारच्या बांधलेल्या भावाने मिळतो. त्याला लोणी लावायचं आणि आत चार-पाच गरम गातो पिमां चेपायचे. कामावर जाणारी माणसं सकाळी सातला रस्त्याच्या कडेला उभी राहून हे खातात. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बदलून 'मॉरिशसचा वडापाव' करून टाकलं. चौघांची न्याहारी शंभर रुपयांच्या आत होते आणि दुपारी एकपर्यंत कुणी भूक म्हणत नाही.

दुसरी धोल पुरी. हिला इथला राष्ट्रीय पदार्थ म्हटलं तरी चालेल. शिजवलेली हरभऱ्याची डाळ कोरडी वाटायची, हळद-जिरं घालायचं, कणकेत किंवा मैद्यात भरायची आणि पातळ लाटून तव्यावर भाजायची. म्हणजे पुरणपोळीच, फक्त गुळाऐवजी मीठ. ती कधी एक मिळत नाही, जोडीनेच मिळते. दोन पोळ्या एकावर एक, त्यावर मोठ्या वालासारख्या दाण्यांची पातळ भाजी, टोमॅटोचा रुगाय, चटणी (तिला सातिनी म्हणतात), आणि मग गुंडाळी करून कागदात. पंचवीस-एक रुपयांत एका माणसाचं दुपारचं जेवण होतं. बँकेतला साहेब आणि रस्ता झाडणारा माणूस एकाच रांगेत उभे असतात. कागदातून रस्सा शर्टावर सांडू न देता उभ्याने खाणं ही मात्र कला आहे. ती मला अजून आलेली नाही.

वर आलुदा प्यायचा असेल तर पोर्ट लुईच्या मोठ्या बाजारात जावं. दूध, सब्जा, चायना ग्रासचे धागे आणि बर्फ. नावावरून ओळखलं असेलच, आपल्या फालुद्याचा भाऊ.

हे सगळं मी शोधून काढलं असं मात्र नाही. त्याचं श्रेय खालच्या मजल्यावरच्या आजींना. आजी आमच्या घरमालकाच्या आई. पंचाहत्तरीच्या पुढे असतील. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून आले होते एवढं त्यांना माहीत आहे, गावाचं नाव माहीत नाही. बोलणं सगळं क्रिओल. पण गणपतीच्या आरत्या पाठ, आणि त्याही थेट मराठी. अर्थ सगळा कळतो असं नाही म्हणतात, पण एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. त्यांच्या नातवंडांना शाळेत मराठी विषय आहे. त्यामुळे कधीकधी जिन्यात एखादं पोर मला गंभीर चेहऱ्याने "आपण कशा आहात?" असं विचारतं. माझ्या मुलांनी मला जन्मात 'आपण' म्हटलेलं नाही.

आम्ही आलो त्या महिन्यात मी मिक्सर घ्यायच्या विचारात होते. पुण्याचा आणला नव्हता, आणि इथल्या किमती बघून दुकानातून दोनदा परत आले होते. आजींनी विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, वाटण करायला. त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. नळाशेजारी ओट्यावर पाटा! काळ्या दगडाचा, मध्ये झिजून खोलगट झालेला. त्याला इथे म्हणतात रोस कारी, म्हणजे कालवणाचा दगड. आणि वरवंट्याला? 'बाबा रोस कारी'. बाबा म्हणजे बाळ. दगडाचं बाळ.

मी हसले तर त्यांना वाटलं मी नावाला हसतेय. मग माझ्या मोडक्या क्रिओलमध्ये आणि हातवारे करून सांगितलं, की आजी, आमच्याकडे बारशाला वरवंट्यालाच आधी कुंची घालतात, बाळासारखं पाळण्याखालून-वरून देतात, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणतात. आजी बराच वेळ वरवंट्याकडे बघत राहिल्या. त्यांच्याकडे बारशाची ती पद्धत त्यांनी पाहिलेली नव्हती. "म्हणून त्याला बाबा म्हणत असतील का?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत! बाळ आईच्या मांडीवर तसा तो पाट्यावर, म्हणूनही असेल. पण त्या दिवसापासून मिक्सर रद्द झाला. दर दोन दिवसांनी मी खाली जाते, खोबरं-मिरची वाटते, आणि त्या बाजूला खुर्ची टाकून चुका काढतात. "पाणी कमी घाल, मो तिफी." मो तिफी म्हणजे माझे पोरी. वाचलेल्या मिक्सरची किंमत वहीत जमेच्या बाजूला लिहून ठेवली आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, नाहीतर हे संपायचं नाही.

बस आणि मेट्रो. गाडी घ्यायची गरज पडली नाही. बसमध्ये कंडक्टर असतो, तिकीट फाडतो, ओळखीचा झाला की पिशवी धरतो. मेट्रो २०२० साली पोर्ट लुई ते रोझ हिल सुरू झाली आणि २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोचली. बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोने. म्हाताऱ्या माणसांना आणि विद्यार्थ्यांना २००५ पासून बसप्रवास फुकट आहे. आजी त्याचा पुरेपूर फायदा घेतात. परवा नुसत्या धने आणायला पोर्ट लुईला जाऊन आल्या.

समुद्र. हॉटेलं कितीही भारी असली तरी भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा कायद्याने सगळ्यांचा आहे. आणि सार्वजनिक किनारे वेगळे राखलेले आहेत. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन येतात, सुरूच्या झाडांखाली चटया टाकतात, बिर्याणी वाढतात, आणि दुपारी कुणीतरी रावान (हा इथला डफ) गरम करून सेगा सुरू करतं. आम्हीही डबा घेऊन जातो. खर्च: बसभाडं. सुरूच्या सावलीत डोळे मिटले की गुहागर.

रानपेरू. पठारावरच्या जंगलात लाल, बोराएवढे पेरू येतात. त्यांना चिनी पेरू म्हणतात. झाड मूळचं बाहेरचं, जंगलाला त्रासदायकच. त्यामुळे फळं तोडून नेल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. मीठ-तिखट लावून खायचे. फुकट.

काळी साखर. ऊस इथलाच, त्यामुळे न धुतलेली, काकवीच्या वासाची दमट साखर सहज मिळते. गूळ आणायला महागाच्या दुकानात जात नाही. पुरणपोळी तिच्यातच करते. रंग जरा गडद येतो, चवीला काही बोल नाही.

कपडे. गुरुवारी आणि रविवारी त्याच बाजारात कपडे असतात. निर्यातीच्या कारखान्यांतला उरलेला किंवा बारीक दोषाचा माल. मुलांचे शर्ट मी इथेच घेते. एखादी शिवण वाकडी असते, ती मी घरी उसवून घालते.

या कपड्यांवर जरा थांबते. १९७० मध्ये इथे निर्यातीसाठी खास कायदा झाला, पुढे कापडाचे कारखाने आले आणि बेटाचं नशीब पालटलं. आता त्या मशीनवर बसणाऱ्यांत बांगलादेशातून आलेले पुष्कळ कामगार आहेत. तेही कराराने आलेले. रविवारी बाजारात दिसतात, चारपाच जणांच्या घोळक्याने, फोनवर घरच्यांना व्हिडिओतून टोमॅटो दाखवत. त्यातल्या एकाशी भाजीच्या रांगेत हिंदीतून गप्पा झाल्या. तोही लीवचा हिशोब किलोत करून, मग टाक्यात करून घरी सांगतो म्हणाला. मी म्हटलं, मी पण! दोघेही हसलो. पण त्याच्या पैशातले किती वाटे घरी जातात हे ऐकल्यावर मी माझ्या वाट्यांबद्दल काही बोलले नाही.

पोर्ट लुईला बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. पाहायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे आमच्या यादीत तो आपोआप वर होता :) २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. दिसायला विशेष काही नाही. दगडी भिंती, काही खोल्या, आणि पायऱ्या. पण १८३४ ते १९२० या काळात भारतातून जवळजवळ पाच लाख मजूर उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर आणले गेले. काही इथून पुढे आणखी कुठे पाठवले गेले. कलकत्ता आणि मद्रास जसं, तसंच मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, आणि त्यांतून रत्नागिरी, सातारा या भागांतली माणसं आली. आजींचे पणजोबा त्यांतले.

सुरुवातीच्या करारात काय होतं, तर पाच वर्षं काम, गड्याला महिना पाच रुपये, आणि शिधा. तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल किंवा तूप. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. परतीचं भाडं आधी करारात होतं, पुढे तेही काढून टाकलं.

मी तिथल्या पायऱ्यांजवळ उभी होते आणि डोक्यात, सवयीने, हिशोब सुरू झाला. महिना पाच रुपये. शिध्याला डाळ. मग डाळीचं काय काय होऊ शकतं? पातळ डाळ, कोरडी डाळ, वाटून वडा, वाटून पोळीत भरली की पुरी. भाजी विकत घ्यायला पैसे नाहीत, मग झोपडीमागे काय उगवतं? अळू, शेवगा, भोपळ्याचे कोंब. ब्रेद. वाटणाला दगड हवा, तर दगडाला या ज्वालामुखीच्या बेटावर तोटा नाही.

माझ्या वहीतली 'स्वस्त आणि मस्त' यादी ती हीच. मी गेली दोन वर्षं जिला आपली हुशारी समजून पाठ थोपटून घेतेय, ती यादी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तयार झालेली आहे. ज्यांना परतीचं तिकीट नव्हतं त्यांनी ती केली, पोटाला चिमटा काढून केली, आणि चवीलाही कमी पडू दिली नाही. आमच्या करारात परतीची चार तिकिटं लिहिलेली आहेत. मी ते पान अधूनमधून बघते. आजींच्या पणजोबांनी त्यांच्या कागदावर अंगठा उठवताना त्यांना तो वाचून तरी दाखवला असेल का, कोण जाणे.

त्यानंतर 'स्वस्त' हा शब्द माझ्याकडून जरा जपून वापरला जातो. माझ्यासाठी जो शोध आहे तो समोरच्यासाठी रोजचा जेवणाचा प्रश्न आहे, हे चक्रीवादळाने आणखी नीट समजावलं.

१५ जानेवारी २०२४ ला 'बेलाल' आलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या पाण्यात तरंगत होत्या, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. इथे वर पठारावर घरात कोंडून बसलो होतो. वीज गेली, वारा रात्रभर शिट्ट्या मारत होता. दुसऱ्या दिवशी आजींच्या मागच्या अंगणात शेवगा आडवा, केळी झोपलेल्या, नीरफणसाची कच्ची फळं चिखलात. त्यानंतरच्या शनिवारी बाजार अर्धा रिकामा होता. पालेभाजी जवळजवळ नाहीच, आणि जे होतं त्याचा भाव दुपटी-तिपटीने वर. नेहमीच्या भाजीवाल्या तांतीन (म्हणजे मावशी) समोर चार पोमदामूर मांडून बसल्या होत्या. त्यांचा वाफा वाहून गेला होता. माझ्यासमोर एक बाई, आपल्याकडच्याच, त्यांच्याशी घासाघीस करत होत्या. तांतीन काही बोलल्या नाहीत. त्यांनी पोमदामूर पिशवीत घातले, सांगितलेले पैसे घेतले, आणि पुढच्या माणसाकडे बघितलं. माझी पाळी आली तेव्हा मी लीवभर घेतले आणि सांगितला तो भाव दिला. वहीत त्या आठवड्याचा आकडा फार वाईट आला. मी त्याच्यापुढे लाल खूण केली नाही.

घरी आले तर जिन्यात आजी. हातात पातेलं. पडलेल्या नीरफणसांची भाजी करून शेजारच्या पाच घरी वाटायला निघाल्या होत्या. "पडलेलं फळ थांबत नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, आजी, तुमच्यासाठी ठेवलीत का? तर म्हणे, "पोमदामूर किती घेतलेस? दोन दे." म्हणजे आमची देवाणघेवाण झाली. दोन टोमॅटो देऊन पातेलंभर भाजी. वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गणपतीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे कोकणातल्यासारखा दीड दिवसाचा गणपती आणि विसर्जनाला सगळा देश मोकळा! गेल्या वर्षी मोदकांचं खोबरं मी आजींच्या अंगणात खवलं आणि उकड त्यांच्या मोठ्या पातेल्यात काढली. सारणात काळी साखर. त्यांच्या सुनेने कळ्या पाडायला शिकून घेतल्या. सातव्या मोदकापासून तिच्या माझ्यापेक्षा चांगल्या पडायला लागल्या. रात्री आरतीला चाळीस माणसं, सगळी आपापसात क्रिओल बोलणारी, आणि टाळ हातात आले की एकदम मराठी. आमची धाकटी आ वासून बघत होती. "आई, यांना पण येतं?" मी म्हटलं, "यांना आपल्याआधीपासून येतं."

आईचा फोन येतो तेव्हा तिचा एकच प्रश्न असतो, "भागतं ना गं?" भागतं आई. नुसतं भागत नाही, थोडं उरतंही. हप्ता वेळेवर जातो, सासूबाईंची औषधं चुकत नाहीत, आणि मुलांना अळूची भाजी पुण्यात असताना आवडत नव्हती, ती इथे ब्रेद सोंझ म्हणून वाढली की वाटीभर खातात.

असो. फारच लांबलं. उद्या बुधवार, बाजाराचा दिवस. पिशव्या धुऊन वाळत घातल्यात, पण पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही. कोवळा झाक आला असेल तर दोन लीव घ्यायचा आहे. एक आमच्यासाठी, एक खाली.